पडदे धुतलेस का?

गुरुवार, ३० ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई गेल्या. स्टेशनवर कोणी रडायचं नाही असं ठरलं होतं. तिनं पाळलं. मी डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं, तर तिनं सवयीनं माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "डोळा स्वच्छ आहे. जनावर ठणठणीत आहे." माझी बायको जनावरांची डॉक्टर आहे. नवऱ्याला तपासायची तिची तऱ्हाही तीच.

सैन्याला कुत्र्या-घोड्यांसाठी डॉक्टर हवे होते. हिनं अर्ज केला, त्यांनी घेतलं. घोड्याचा खूर बघायला डॉक्टरला भिंतीवरून उड्या मारता याव्यात, हे कशासाठी ते मला कोणी पटवून दिलेलं नाही. पण तिथला नियमच तसा. आधी सगळ्यांसारखं प्रशिक्षण, मग घोडे. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत ती तिकडं आणि मी इथं लाँड्रीत, लोकांच्या कॉलरी घासत.

मोबाइल तिथं काढून घेतात. रविवारी दुपारी दहा मिनिटं, बराकीच्या व्हरांड्यातल्या फोनवरून. मागं मुलींची रांग, शेजारी कवायत घेणारे उस्ताद उभे. गाडी सुटायच्या आधी ती कानाशी येऊन म्हणाली, "सगळ्यांदेखत 'तुझी आठवण येते' वगैरे मला जमायचं नाही हं. मी विचारीन, पडदे धुतलेस का? की तू समजून घे." लाँड्रीवाल्याला शोभेल असाच निरोप! मी विचारलं, "आणि मला आठवण आली तर?"

"तर धू," म्हणाली.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सासूबाई राहायला आल्या. हे डॉक्टरीणबाईंचंच ठरवणं. जायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "आई एकटी पडेल रे. आपल्याकडं ठेवून घे, लक्ष ठेव. पण तिला कळू देऊ नकोस." मी शब्द दिलाय.

सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या, "मी आपली सहजच आले हो जावईबापू," आणि फ्रिज उघडून आतल्या एकुलत्या एका अंड्याकडं बघत उभ्या राहिल्या. जेवताना माझ्या ताटावरून नजर हलत नव्हती. बिचाऱ्यांना करमत नसणार. त्यांना बरं वाटावं म्हणून मी एक पोळी जास्त खाल्ली. त्यांनी आणखी एक वाढली. तीही खाल्ली. लक्ष ठेवणं हे काम मला वाटलं होतं त्यापेक्षा जड आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

पहिला फोन! दोघांनाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. पहिलं मिनिट "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला" यात गेलं. पलीकडून आवाज आला, "कोणीतरी बोला, मागच्या मुली मला खातील."

बातमी अशी, की डॉक्टरीणबाईंना शिक्षा झाली. मैदानाला फेऱ्या. कारण? पँटीला डबल घडी! लाँड्रीवाल्याची बायको, आणि इस्त्रीवरून शिक्षा! मी कपाळावर हात मारला. "कोणाला सांगितलं नाहीस ना, नवरा काय करतो ते?" तर म्हणे, "उस्तादांनी सगळ्यांसमोर विचारलं. सांगावंच लागलं. दोन फेऱ्या वाढल्या."

सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घ्या! लग्न झाल्यापासून तिच्या हातात इस्त्री म्हणून दिली नाहीत." आता लाड केले हा माझा गुन्हा का? मी शिवण जुळवून घडी कशी धरायची ते फोनवर समजावायला घेतलं. मांडीपर्यंत पोचलो तोवर वेळ संपली. एवढ्या दिवसांनी बायको भेटली, ती शिवणीत गेली.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज मी इस्त्रीचा विषय काढला नाही. तिनं स्वतःच सांगितलं, घडी जमली. मग सासूबाईंनी आयांचे नेहमीचे प्रश्न सुरू केले. जेवतेस का, झोपतेस का, पांघरूण आहे का. सगळ्याला "झकास". मग त्यांनी विचारलं, "पाणी कसंय गं तिथलं?"

म्हणाली, "भरपूर आहे."

"पिववतं का?"

"नको असलं तरी पोटात जातंय."

मागं रांगेतल्या मुली खो-खो हसल्या. म्हणजे बेचव असणार. क्लोरीन घालत असतील. मी म्हटलं, उकळून पी. त्यावर त्या मुली आणखीच हसल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना पाण्याचं फार. लेक लहानपणी हौदात पडली होती, तेव्हापासून मायलेकी दोघीही पाण्यापासून चार हात लांब. आम्ही लग्नानंतर समुद्रावर गेलो होतो, तर डॉक्टरीणबाई लाटेला चपला दाखवत वाळूत उभ्या होत्या. बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालणारी बाई!

शेवटी तिनं मला भलतंच विचारलं. "आपलं दुकान, वरचं घर आणि त्यावर गच्ची. सगळं मिळून किती उंच असेल रे?" मला एवढं भरून आलं. घराची इतकी आठवण, की उंचीसुद्धा हवी! म्हटलं, पुढच्या रविवारी मोजून सांगतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गच्चीवरून दोरी सोडून उंची मोजली. खाली टोक धरायला सासूबाईंना उभं केलं होतं. त्यांनी वर मान केली, माझ्याकडं बघितलं आणि ओरडल्या, "मागं व्हा आधी!" कठड्यापासून मी चांगला लांब होतो. पण लक्ष ठेवायचं आहे म्हटल्यावर ऐकलं त्यांचं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आजचा दिवस मी फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे.

फोन उचलल्याबरोबर मी सांगितलं, "दहा मीटर, वर चार बोटं." मला वाटलं खूश होईल. ती गप्प. मग हळूच म्हणाली, "खालून एवढं वाटत नाही, नाही?" मी म्हटलं, "छे! खालून काहीच वाटत नाही." परत गप्प. मी म्हटलं, गेली वाटतं लाइन. तेवढ्यात तिनं विचारलं:

"पडदे धुतलेस का?"

अगं बाई! म्हणजे, अरे देवा! सासूबाई शेजारी, मागं मुलींची रांग, उस्ताद, आणि ती बिनदिक्कत विचारतेय. माझे कान तापले. म्हटलं, "आत्ता धुतो! आजच्या आज धुतो!" आणि त्याच वेळी सासूबाई फोनवर ओणवून म्हणाल्या, "धुते बाळा, लगेच धुते हं, काळजी करू नकोस."

त्यांना काय ठाऊक! मी म्हटलं, आई, राहू द्या, हे माझं काम आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

घरातले सगळे पडदे धुतले. स्वच्छच होते, पण निमित्त कोण सोडतो? दिवसभर प्रेसवर शीळ घालत होतो. एका गिऱ्हाइकाच्या साध्या शर्टाला स्टार्चही मारला.

सासूबाईंचं मात्र काहीतरी बिनसलंय. सकाळी त्यांनी बॅग भरली. दुपारी मला विचारलं, तिकडं जाणारी पहिली गाडी कधी? तिकडं म्हणजे कुठं, तर उत्तर नाही. माझंच काही चुकलं असणार. रविवारी पडद्यांवरून मी त्यांना तोडून बोललो, ते लागलं असेल. रात्री जेवताना तीनदा मागून घेतलं. त्या वाढायच्याच विसरल्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज भांडण झालं. मी आणि सासूबाई! लग्नाला इतकी वर्षं झाली, आजवर एका शब्दानं नव्हतं.

मी शीळ घालत चहा ठेवत होतो. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, ती शीळ बंद करा. माझी पोर तिकडं रडतेय आणि तुम्हाला गाणी सुचतायत?"

मी म्हटलं, कोण रडतंय? रविवारी तर एवढ्या लाडात होती.

"लाडात? पडदे धुतलेस का विचारलं तिनं, तुमच्यासमोर!"

"हो, मलाच विचारलं."

"तुम्हाला? तुमचा काय संबंध?"

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई शिकायला वसतिगृहात होत्या तेव्हा फोन वॉर्डनबाईंच्या टेबलावर असायचा. मोकळं बोलायची सोय नाही. तेव्हा मायलेकींनी एक वाक्य ठरवलं होतं. या मुलीनं जन्मात कधी पडद्यांकडं बघितलं नव्हतं, म्हणून हेच. पडदे धुतलेस का, म्हणजे आई, मला इथून घेऊन जा.

मी म्हटलं, "अहो, माझ्याशी ठरलंय, की याचा अर्थ तिला माझी आठवण येते!"

"काहीतरीच! मला म्हणाली ती. 'धुतलेस' म्हणाली. मला ती तूच म्हणते."

"मलाही तूच म्हणते!"

"अहो" म्हणायची सवय तेव्हाच लावली असती तर आज हा घोटाळा झाला नसता, असं सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, आणि तुम्ही तिला "आई, तुम्ही" म्हणायला लावलं असतं तर? चहा उतू गेला. दोघंही गॅस बंद करायला धावलो आणि दोघंही एकदम म्हणालो, "तिनं मला सांगितलं होतं तुमच्यावर लक्ष ठेवायला!"

या बाईनं नवऱ्याला आणि आईला एकच वाक्य दिलं, एकच काम दिलं, आणि गेली घोडे बघायला!

बुधवार, १९ नोव्हेंबर

फौजीकाका कोट धुवायला टाकायला आले. जुने सैनिक, दर हिवाळ्याला त्यांचा तो एक कोट माझ्याकडं येतो. त्यांना पाण्याचं, उंचीचं सगळं सांगितलं. ते हसत सुटले. "अरे बाबा, पिण्याचं पाणी नव्हे, पोहण्याचा तलाव! दहा मीटरच्या फळीवरून उडी मारायची असते. पोहता बेताचं आलं तरी चालतं, पण उडी मारावीच लागते. जो मारत नाही, तो घरी."

दहा मीटर. मी दोरीनं मोजून सांगितलं तिला! वर "खालून काहीच वाटत नाही" हेही सांगितलं. माझ्यासारखा शहाणा मीच.

सासूबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. तशाच वर गेल्या.

इथं कोणी बघत नाही म्हणून खरं लिहितो. काका "घरी" म्हणाले, तेव्हा मला आधी आनंद झाला. काळजी नंतर आली. बाई घरी येईल, सकाळी आरशासमोर कुरकुर करेल, माझ्या चहात बोट बुडवून गरम आहे का बघेल. त्या फळीवर थरथरत उभी असलेली ती मला दिसलीच नाही पहिल्यांदा. मी कसला नवरा आहे, देव जाणे. दोन वर्षं तिनं या जागेसाठी जीव तोडून अभ्यास केलाय. ती पुस्तकं मीच आणून दिली होती.

रविवार, २३ नोव्हेंबर

फोन आला नाही. दोघं फोनसमोर बसून राहिलो. जेवण तसंच.

सोमवार, २४ नोव्हेंबर

फौजीकाका म्हणाले, आख्खी तुकडी जंगलात तंबू ठोकायला नेली असेल, त्या आठवड्यात फोन नसतो. मी विचारलं, "आणि नेली नसेल तर?" ते म्हणाले, "नेलीच असेल," आणि कोट न तपासता घेऊन गेले. काका बाही तपासल्याशिवाय कोट नेत नाहीत.

संध्याकाळी सासूबाई आपणहून दुकानात येऊन बसल्या. हँगर पुसता पुसता बोलायला लागल्या. वसतिगृहातून पडद्यांचा फोन आला की त्या पहिल्या गाडीनं डबा घेऊन जायच्या. दोघी आवारातल्या बाकावर बसायच्या. डबा संपला की लेक म्हणायची, "बरं, जा आता." एकदाही बरोबर आली नाही. "मी नुसतं जायचं असायचं हो," म्हणाल्या. "आता जायला मिळत नाही. मग मी काय करायचं?"

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, आई, चहा टाकू? तर म्हणाल्या, टाका.

शनिवार, २९ नोव्हेंबर

उद्या काय बोलायचं यावर आज दिवसभर चर्चा. सासूबाईंचं म्हणणं, तिला सरळ सांगायचं, नसेल झेपत तर ये, जीव महत्त्वाचा. मी म्हटलं, बरोबर आहे. मग त्या म्हणाल्या, पण मग ती जन्मभर म्हणेल, मला परत का बोलावलंत. मी म्हटलं, तेही बरोबर आहे. त्या म्हणाल्या, तुम्हाला स्वतःचं मत आहे की नाही? आहे ना. माझं मत असं, की तिनं यावं. तेच तर बोलायची सोय नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

फोन वाजला. जंगलातच नेलं होतं. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला, स्पीकर लावू दिला नाही, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. मुद्दाम जोरात सोडला.

मी म्हटलं, "हे बघ, पडदेबिडदे राहू दे. सरळ बोल. तलाव ना?"

मग म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"मी गच्ची मोजली."

मग ती बोलली. सरळ बोलली, मागच्या रांगेची पर्वा न करता. दोनदा शिडी चढली, दोनदा उतरली. खालच्या मुली काही म्हणत नाहीत, हेच जास्त लागतं. बुधवारी शेवटची संधी. "पाय फळीला चिकटतात रे. घोड्याला भूल दिल्यावर तो कसा उभ्या उभ्या थिजतो, तशी होते मी." आणि मग, "सांग ना. येऊ परत?"

माझ्या तोंडात एकच शब्द होता, आणि तो बाहेर आलाच. "ये," म्हणालो. नळ बंद झाला. सासूबाई दारात.

मी म्हटलं, "पण उडी मारून ये."

"म्हणजे कशी?"

"मला काय माहीत कशी? माझ्यावर चीड. मी तुला इस्त्री शिकवली नाही. पाणी उकळून पी म्हटलं. तुला दहा मीटर वर चार बोटं सांगितलं, ती चार बोटं पण सोडली नाहीत! घाल शिव्या. जेवढ्या येतात तेवढ्या घाल, आणि मार उडी."

ती हसली. नाक ओढत हसली. म्हणाली, "तेवढ्या शिव्यांना दहा मीटर पुरायचे नाहीत." आणि फोन कट.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि परत जाऊन नळ सोडला. या वेळी भांडी खरोखरच घासली.

बुधवार, ३ डिसेंबर

आज तिची उडी. कळायचा काही मार्ग नाही. एका गिऱ्हाइकाचा कुर्ता जाळला. चांगला होता कुर्ता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सासूबाई म्हणतात, उडी मारली नसती तर आत्तापर्यंत घरी आली असती. मी म्हणतो, कागदपत्रांना वेळ लागतो. जिन्यात पाऊल वाजलं की दोघंही दाराकडं बघतो. आणि कोणी दुसरंच निघालं की दोघांनाही हायसं वाटतं. मलाही हायसं वाटावं, याचं मला नवल वाटलं.

रविवार, ७ डिसेंबर

"मारली!"

पहिला शब्द हाच. कानाला दडे बसले. मागं मुलींनी टाळ्या पिटल्या. मी स्पीकर लावला, सासूबाईंना ओढून जवळ बसवलं.

"शिव्या घातल्यास?" मी विचारलं.

"शिडी चढताना. पायरीगणिक एक. वर पोचेस्तोवर तुझ्या पणजोबांपर्यंत गेले होते. उस्ताद म्हणाले, कोणाला एवढं बोलतेस? म्हटलं, नवऱ्याला, सर. म्हणाले, चालू द्या."

छाती फुगली माझी. "आणि उडी मारताना काय म्हणालीस?"

इथं ती अडखळली. "खोटं नाही सांगत हं. फळीवरून पाय सुटला आणि सगळं विसरले. तू, तुझे पणजोबा, सगळे. तोंडातून एकच निघालं. 'आई गं!' इतक्या मोठ्यांदा, की आता आख्खी तुकडी उडी मारताना तेच ओरडते. ज्यांना आपली भाषा येत नाही, त्यासुद्धा. उस्तादांना वाटतं ती आमच्याकडची युद्धघोषणा आहे."

सासूबाई दोन्ही हातांनी फोन धरून बसल्या, आणि उरलेला सगळा वेळ त्यांनी घेतला. मी घेऊ दिला. मग फोन ठेवून माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना जावईबापू? चढवलं तुम्ही असेल. पडताना मीच."

म्हटलं, कबूल. एकदम कबूल. आणि हसलो. हसता हसता डोक्यात आलं, उडी जमली, म्हणजे ती राहिली. म्हणजे आता उन्हाळ्याशिवाय येत नाही. हे मी माझ्या तोंडानं करून ठेवलं होतं. मला तिचा एवढा अभिमान वाटत होता आणि ती मला एवढी हवी होती, की दोन्ही एकदम सोसेना. सासूबाईंसमोर, भर दुपारी, खुर्चीत बसून मी लहान पोरासारखा रडलो. कचरा गेला वगैरे काही म्हटलं नाही.

त्या उठून आल्या. माझं डोकं धरून पोटाशी दाबलं आणि टपली मारली.

"अरे वेड्या," म्हणाल्या, "उडी मारली तिनं, आणि नाकातोंडात पाणी तुझ्या?"